न्हाणीघराच्या नकाशातली हवेची वाट

घर बांधताना किंवा जुन्या घराला न्हाणीघर जोडताना टाइल कोणत्या रंगाची, कमोड कोणत्या कंपनीचा आणि गिझर गॅसचा की विजेचा यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते; सांडपाण्याचे पाइप कुठून जाणार हा प्रश्न मात्र प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन दारात येतो त्या सकाळी, आणि तोही बहुधा उभ्या उभ्या, सोडवला जातो. गुहागर तालुक्यातल्या आमच्या कौलारू घराच्या परसदारी दोन मजली पक्के बांधकाम करून खाली आईसाठी आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अशी दोन न्हाणीघरे काढायची ठरली, तेव्हा पाइपांचा नकाशा जोत्याचे काँक्रीट पडण्यापूर्वी कागदावर उतरलाच पाहिजे, असा हट्ट मी धरला. पुढे तो नकाशा नात्यातल्या काही जणांनी मागून नेला, म्हणून त्यामागचा विचार येथे सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पाणी कुठे जाणार हे सगळेच पाहतात. हवा कुठून येणार आणि कुठून बाहेर पडणार हे फारसे कोणी पाहत नाही, आणि न्हाणीघरातल्या दुर्गंधीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ तिथेच असते.

सेप्टिक टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू तयार होतात. ते पाइपातून उलटे घरात शिरू नयेत म्हणून कमोडच्या आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे न्हाणीच्या जमिनीत जाळीखाली बसवलेल्या भांड्याच्या, वळणात पाणी अडवून ठेवलेले असते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७७५ साली लंडनमध्ये शौचपात्राखालच्या अशा वळणाचे पेटंट घेतले आणि ती युक्ती मुळात आजही तशीच आहे. या अडवलेल्या पाण्याची उंची, म्हणजे सील, साधारण ५० मिमी असते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे त्या दाबाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका फरक पाइपात पडला, तरी आपले घर आणि सेप्टिक टाकी यांच्यामधला एकमेव पडदा निकामी होऊ शकतो.

असा फरक पडायला फार काही लागत नाही. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी उभ्या पाइपाच्या आतल्या भिंतीला धरून खाली उतरते आणि मधल्या पोकळीतली हवा आपल्याबरोबर खाली ओढत नेते. त्या हवेच्या जागी वरून नवी हवा मिळाली नाही, तर पाइप ती मिळेल तिथून, म्हणजे जवळच्या ट्रॅपमधून, ओढून घेतो. मोरीत गुडगुड आवाज येतो, ट्रॅपमधले पाणी पाइपात निघून जाते, आणि थोड्या वेळाने वास सुरू होतो. पाइपाच्या तळाशी याच्या नेमके उलट घडते. वेगाने उतरलेले पाणी आडव्या पाइपात वळताना मंदावून तुंबते आणि त्याच्यापुढे कोंडलेली हवा तळमजल्यावरच्या ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते. तेलाचा डबा फोडताना आपण पत्र्याला दोन भोके पाडतो. त्यातले दुसरे भोक म्हणजे व्हेंट, पाइपांना हवा देणारा, वर उघडा ठेवलेला पाइप.

नकाशा काढायला सुरुवात न्हाणीघरापासून नव्हे, तर शेवटापासून, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यापासून करावी लागते. आयएस २४७० या भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असला पाहिजे. कोकणातल्या वाडीत हे वाचायला सोपे आणि करायला कठीण आहे, कारण आपली विहीर तेवढी सांभाळून भागत नाही, गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची विहीरही मोजावी लागते. शिवाय जांभ्यात नैसर्गिक पोकळ्या आणि भेगा असतात, त्यांतून पाणी गाळले न जाता सरळ पळू शकते. म्हणून १८ मीटर ही किमान मर्यादा समजून जागा असेल तितके अधिक दूर जावे आणि शक्य असल्यास विहिरीच्या उतरत्या अंगाला जावे, असे मला वाटते. आमच्या आवारात चुनखडीने खुणा करून टेप लावला, तेव्हा विहीर, शेजारची विहीर आणि घर या तिन्हींना चुकवून उरलेली जागा एका कोपऱ्यात निघाली आणि टाकीची, चेंबरची व पाइपांची दिशा त्या कोपऱ्यानेच ठरवून टाकली.

दिशा ठरली की ढाळ. ११० मिमी पाइपाला १:४० आणि १६० मिमी पाइपाला १:६० हा आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरला जाणारा आडाखा आहे. घरापासून टाकीपर्यंत १२ मीटर अंतर १६० मिमी पाइपाने गाठायचे असेल तर १:६० च्या हिशेबाने २० सेंटिमीटर उतार लागतो, आणि ११० मिमी पाइपाने गाठायचे असेल तर ३०. कागदावर हा दहा सेंटिमीटरचा फरक किरकोळ दिसतो, पण आमच्यासारखा हातभर मातीखाली कातळ असेल तर तेवढ्या खोदाईसाठी ब्रेकर आणावा लागतो. उतार मोजायला लेव्हलची पारदर्शक नळी उत्तम. नजरेने आणि पाऊल टाकून ठरवलेला ढाळ पुढे कुठेतरी पोट काढतोच, आणि जिथे पोट तिथे मैला साचतो. पूर्वी फ्लशच्या टाक्या १० लिटरच्या असत, आता ६ आणि ३ लिटरच्या मिळतात, त्यामुळे ढाळातली कसूर भरून काढायला मागून येणारे पाणीही कमी झाले आहे.

आता कोणते पाणी कोणत्या पाइपात, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय. शहरातल्या पद्धतीप्रमाणे मैल्याचे आणि न्हाणीचे पाणी एकाच पाइपातून टाकीत सोडणे सोयीचे असते आणि प्लंबरही तेच सुचवतो. पण आपल्याकडे न्हाणीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या केळीला आणि माडाला जात आले आहे, आणि या जुन्या रीतीत शास्त्रही आहे. अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी प्रमाणाने कितीतरी जास्त असते. ते टाकीत गेले की मैला कुजायला लागणारा वेळ मिळत नाही, अर्धवट कुजलेले पाणी शोषखड्ड्यात लोटले जाते आणि पावसाळ्यात आधीच भिजून गच्च झालेली जमीन ते घेत नाही. म्हणून आम्ही दोन स्वतंत्र पाइपांची पद्धत धरली. कमोडचे पाणी ११० मिमी पाइपाने चेंबरमार्गे टाकीत, आणि न्हाणीचे व बेसिनचे पाणी ७५ मिमी पाइपाने गल्ली ट्रॅपवर (घराबाहेरच्या जाळीच्या ट्रॅपवर) व तिथून केळीच्या आळ्याकडे. यात पाइप जास्त लागतात हे खरे. पण न्हाणीची बाजू टाकीपासून पूर्णपणे तुटलेली राहते आणि पुढेमागे तिथला एखादा ट्रॅप कोरडा पडला, तरी टाकीचा वायू त्या वाटेने घरात येऊ शकत नाही. साबणाचे पाणी रोज एकाच झाडाच्या बुंध्यात सोडू नये, आळी बदलत राहावीत, एवढेच पथ्य. आणि माड असला तरी पाइपाच्या सांध्यापासून त्याला जरा दूर ठेवावे, कारण ओल शोधत मुळे सांध्यात शिरतात.

आमच्या नकाशात तळमजल्याचा कमोड वरच्या मजल्याच्या उभ्या पाइपाला जोडलेला नाही. त्याचा ११० मिमी पाइप स्वतंत्रपणे चेंबरमध्ये जातो. प्लंबरला हे उधळपट्टीचे वाटले. पण उभ्या पाइपाच्या पायथ्याशी हवा कोंडते, हे वर सांगितलेच आहे, आणि त्या कोंडलेल्या हवेच्या तोंडाशी आईचा कमोड बसवण्याचे काही कारण नव्हते. पायथ्याला एकच ९० अंशांचा आखूड बेंड न घालता ४५ अंशांचे दोन बेंड घातले आणि त्याच्या वर हात जाईल अशा उंचीला झाकण असलेला डोअर टी ठेवला. आडव्या पाइपाला आडवा पाइप मिळतो तिथे टी नव्हे, वाय घालावा. टीमध्ये पाणी समोरच्या भिंतीवर आदळून दोन्हीकडे पसरते आणि उलट्या बाजूला घाण ठेवून जाते.

बेसिनच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. ढाळ जितका जास्त तितके चांगले, असा समज आहे. पण बारीक पाइपाला फार ढाळ दिला किंवा तो फार लांबवला, तर पाइप पूर्ण भरून वाहतो आणि आपल्याच ट्रॅपमधले पाणी ओढून नेतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत व्हेंट नसलेल्या ३२ मिमी बेसिनच्या पाइपाला १.७ मीटर आणि ४० मिमी पाइपाला ३ मीटर अशी लांबीची मर्यादा आहे ती याचसाठी. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या अंतरात पाइप स्वतःच्या व्यासाहून अधिक खाली उतरू नये, असाही एक सोपा नियम सांगतात. १:४० ढाळाने ४० मिमी पाइप १.६ मीटरमध्ये ४० मिमी उतरतो, म्हणजे हा नियम त्या ३ मीटरच्या मर्यादेहून कडक ठरतो. आपल्याकडे बहुतेक घरांत बेसिनचे पाणी नहाणी ट्रॅपमध्येच सोडतात, आणि त्या रीतीला मी नावे ठेवणार नाही. बेसिन रोज वापरले जाते, त्यामुळे नहाणी ट्रॅपचे सील रोज आपोआप भरले जाते. मात्र ट्रॅप विकत घेताना त्यात पाणी ओतून काडीने खोली मोजून पाहावी. बाजारात दिसायला सारखेच, पण सील अगदी उथळ असलेले ट्रॅपही असतात, आणि जाळीवरच्या स्टीलच्या चकाकीवरून ते कळत नाही.

व्हेंटवरून मात्र आमची खरी चर्चा झाली. प्लंबर गावातलाच, कामाला चोख. तो म्हणाला, "काका, गावात कोण व्हेंट चढवतो? टाकीला असतो की एक पाइप, तेवढा पुरे." त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. टाकीतून चेंबरमार्गे घरापर्यंत पाइप अर्धा रिकामाच असतो, त्यातून हवा येऊ-जाऊ शकते आणि उन्हाळ्यात तेवढ्यावर भागतेही. पण आषाढ-श्रावणात जमिनीतले पाणी वर चढते, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, टाकीतली पातळी आत येणाऱ्या पाइपाच्या माथ्याच्या वर जाते आणि ती हवेची वाट पाण्याने बंद होते. नेमक्या त्याच दिवसांत गणपतीला घर माणसांनी भरते आणि फ्लश दिवसभर चालू असतो. टाकीचा व्हेंट टाकीतल्या वायूसाठी आहे. घरातल्या पाइपांना त्यांची स्वतःची हवा लागते. हे त्याला चेंबरच्या झाकणावर खडूने काढून दाखवल्यावर त्याने मान डोलावली, आणि पुढचा प्रश्न त्यानेच विचारला: "मग कौलांतून कसा नेणार?"

कौलांतून न्यायचाच नाही, असे माझे मत आहे. मंगलोरी कौल कापून पाइप वर काढला की त्या भोवतीचे सिमेंट पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री कोणताही गवंडी देत नाही, आणि एकदा वासा भिजायला लागला की व्हेंटचा खर्च त्यापुढे काहीच नाही. म्हणून ११० मिमीचा उभा पाइप मुळातच बाहेरच्या भिंतीवर घेतला आणि व्यास न बदलता तोच सरळ वर चढवला. भारतीय नियमांनुसार व्हेंटचे तोंड उतरत्या छपराच्या किमान ६० सेंटिमीटर वर हवे; ज्या गच्चीवर माणसांचा वावर आहे तिथे किमान २ मीटर वर हवे; आणि जवळपास एखादी खिडकी असेल तर तिच्या माथ्यापासूनही २ मीटर वर हवे. आमच्या पक्क्या बांधकामावर वाळवणाची गच्ची आहे, त्यामुळे दुसरा नियम लागू झाला. कुठल्या भिंतीवर हे वाऱ्याने ठरवले. आमचे घर पश्चिमाभिमुख आहे, दुपारचा खारा वारा आणि पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा दोन्ही समोरून येतात. पाइप पूर्वेच्या भिंतीवर असला की वास माजघराकडे न येता परसाबाहेर निघून जातो. रात्री जमिनीवरचा वारा उलटा वाहतो, त्या वेळी उंचीवरच भिस्त.

तळमजल्याच्या कमोडसाठी ५० मिमीचा वेगळा व्हेंट घेतला. असा व्हेंट आडव्या पाइपाच्या माथ्यावरून काढायचा, कुशीतून नव्हे. कुशीतून काढला की त्यात मैला शिरतो आणि सुकून बसतो. तो आडवा वळवायचा असेल तर कमोडच्या आणि बेसिनच्या काठापेक्षा वर गेल्यावरच वळवावा, कारण खालचा पाइप तुंबला तर पाणी आधी व्हेंटमध्येच चढते आणि आडव्या भागात घाण ठेवून उतरते. अमेरिकेतल्या नियमांत हे अंतर काठापासून ६ इंच धरतात. आडव्या व्हेंटलाही खालच्या पाइपाकडे थोडा ढाळ लागतो, नाहीतर आत धरलेला दमटपणा थेंब थेंब साचून मधेच पाण्याची गाठ तयार करतो. आमचा हा व्हेंट वरच्या बेसिनच्या काठापेक्षा उंच नेऊन मुख्य पाइपात सोडला आहे.

साहित्याबद्दल थोडे. आयएस १३५९२ या मानकात पाइपांचे दोन प्रकार आहेत: टाइप ए व्हेंटसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी, टाइप बी मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. पाइपावर ते छापलेले असते. दुकानात वाचून घ्यावे. रबर रिंगच्या सांध्यात पाइप पूर्ण आत ढकलून सुमारे १० मिमी मागे ओढतात, म्हणजे उन्हात वाढायला त्याला जागा राहते. क्लॅम्प लोखंडी नकोत, खाऱ्या हवेत गंजून ते पाइप सोडून देतात. व्हेंटच्या तोंडाला डास अडवणारी जाळी स्टीलचीच बसवावी आणि आगोटीच्या कामांत कौले शाकारताना तिच्यावरची कोळीष्टके आणि पाने काढावीत. कुंभारमाशीला असे तोंड फार आवडते.

संकनबद्दल, म्हणजे पाइप लपवण्यासाठी न्हाणीघराचा स्लॅब खाली घेण्याबद्दल, मी थोडक्यात लिहितो, कारण आम्ही तो जवळपास टाळलाच. वरचा कमोड बाहेरच्या भिंतीला लावला आणि पी ट्रॅपचा घेतला, म्हणजे त्याचा पाइप तयार जमिनीपासून १८० मिमी उंचीवर भिंतीतून सरळ बाहेर उभ्या पाइपात जातो. जमिनीखाली राहिला तो एक नहाणी ट्रॅप. त्याच्या पाइपासाठी तुळईत जागा लागणार होती, तिथे स्लॅब ओतण्यापूर्वीच स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार जाण्यासाठी मोठी नळी, ठेवली; ओतलेली तुळई मागाहून फोडू देऊ नये. संकनच्या तळातून २५ मिमीचा एक पाइप भिंतीबाहेर काढून ठेवला आहे. टाइलखाली कुठे गळती झालीच, तर छताला ओल येण्याआधी त्या पाइपातून थेंब दिसेल.

टाइल बसण्यापूर्वी चाचणी घेतलीच पाहिजे. खालचे तोंड बंद करून पाइप वरच्या मजल्याच्या जमिनीपर्यंत पाण्याने भरला, पातळीला खूण केली आणि रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी बेसिनचा एक सांधा पाझरताना दिसला, तो तिथल्या तिथे बदलता आला. मग प्रत्येक पाइपाचे टेप लावून फोटो काढले, कारण पुढे टॉवेलची दांडी ठोकणाऱ्याला भिंतीत काय आहे हे माहीत असण्याचे कारण नाही. काम पूर्ण झाल्यावर हवेची तपासणी उदबत्तीने झाली. नहाणी ट्रॅपच्या जाळीवर पेटती उदबत्ती धरून वर फ्लश करायला सांगितले. धूर जाळीत ओढला गेला नाही आणि बाहेरही ढकलला गेला नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही व्हेंट करू शकत नाही, आणि कोकणातल्या बंद घरांसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की पुष्कळ घरे मे महिन्यापर्यंत, काही तर थेट गणपतीपर्यंत बंद राहतात, आणि उन्हाळ्यात ट्रॅपमधले ५० मिमी पाणी नुसते वाळून जाते. मग घर उघडल्यावर येणारा भपकारा आणि न्हाणीत फिरणारी झुरळे यांचे खापर पाइपांवर फुटते. आमच्या वरच्या मजल्यालाही हे लागू आहे, कारण तो पाहुणे असतील तेव्हाच वापरात असतो. पाहुणे गेले की प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओतून वरून दोन चमचे खोबरेल तेल सोडायचे. तेलाचा थर बाष्पीभवन पुष्कळ रोखतो. थंडीत ते थिजते, पण थर तसाच राहतो. घर पूर्ण बंद ठेवणाऱ्यांनी किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवायची त्यांना महिन्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायला सांगावे आणि मोऱ्या किती आहेत व कुठे आहेत हे आधी फिरून दाखवून ठेवावे, कारण वॉशिंग मशीनमागची मोरी हमखास राहून जाते.